ज्युरीला कायदा सांगता, चर्चा कशी करावी तेही सांगा

प्रति,
ज्युरीसमोर खटले चालवणारे न्यायाधीश आणि ज्युरीसाठी निर्देशांचे नमुने तयार करणाऱ्या समित्यांचे सदस्य

सादर नमस्कार.

पुरावा संपतो, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद होतात आणि मग आपण ज्युरीला निर्देश देता. गुन्ह्याचे घटक कोणते, सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, वाजवी संशय कशाला म्हणायचे, कोणती साक्ष कशापुरतीच विचारात घ्यायची, हे सारे त्यात असते. पुढे बारा अनोळखी माणसे एका खोलीत जातात आणि दार बंद होते. आत गेल्यावर काय करायचे याबद्दल त्यांना बहुतेक ठिकाणी एवढेच ठाऊक असते की एक फोरमन, म्हणजे ज्युरीचा प्रमुख, निवडायचा आणि कौल ठरला की कळवायचे.

मधल्या सगळ्या भागाबद्दल जवळपास अवाक्षर नाही, आणि हे पत्र त्या मधल्या भागापुरतेच आहे. पहिले मत केव्हा घेतले, हात वर करून की चिठ्ठीवर, आधी कोण बोलले, एकट्या पडलेल्या सदस्याला काय विचारले गेले, यांचा कौलावर परिणाम होतो. हे समूह-निर्णयांच्या अभ्यासात सत्तर वर्षे पुन्हा पुन्हा दिसले आहे. तरीही या गोष्टी आज त्या खोलीत कोण जोरात बोलतो यावर सोडलेल्या आहेत. कायद्याला हात न लावता, अर्ध्या पानाच्या निर्देशाने त्यात बरीच सुधारणा होऊ शकते.

पहिल्या मतदानापासून सुरुवात करू. हॅरी काल्व्हेन आणि हान्स झायसेल यांनी १९६६ मध्ये अमेरिकन ज्युरींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ३,५७६ खटल्यांत न्यायाधीशांनी स्वतः काय निर्णय दिला असता, हे त्यांनी विचारून घेतले. सुमारे ७८ टक्के खटल्यांत ज्युरीचा कौल न्यायाधीशांच्या मताशी जुळला. त्याच अभ्यासात, खटल्यानंतर ज्युरी-सदस्यांशी बोलून मिळवलेल्या माहितीवरून आणखी एक गोष्ट पुढे आली. पहिल्या मतदानात ज्या बाजूला बहुमत होते, तीच बाजू दहांपैकी नऊ वेळा अखेरपर्यंत टिकली. एकमत न होता अडकलेल्या ज्युरींत सुरुवातीला एकटा हट्टी सदस्य क्वचितच असे. सहसा चार-पाच जणांचा गट असे, आणि शेवटी उरलेला एकटा हा त्या गटातला शेवटचा माणूस असे.

यावरून ‘चर्चा निरर्थक आहे, सगळे आधीच ठरलेले असते’ असा निष्कर्ष काढणारे काढतात. तो घाईचा आहे. बहुतेक खटल्यांत पुरावा एका बाजूला स्पष्ट झुकलेला असतो आणि बहुमत पहिल्याच फेरीत त्याच बाजूला असते. तिथे चर्चेने वेगळे काही करावे अशी अपेक्षाच नाही. प्रश्न उरतो तो पुरावा अटीतटीचा असलेल्या खटल्यांचा. तिथे पहिले मतदान लोकांची मते नुसती मोजत नाही, ती पक्कीही करते. चारचौघांत हात वर केलेला माणूस दहा मिनिटांनी तो खाली घ्यायला कचरतो. ज्याचे मत अजून ठरलेलेच नव्हते, तोही आजूबाजूचे हात पाहून आपला हात उचलतो, आणि मग त्या हाताची कारणे शोधू लागतो.

हेस्टी, पेनरॉड आणि पेनिंग्टन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बारा-बारा जणांच्या ६९ अभिरूप ज्युरी, म्हणजे प्रयोगापुरत्या जमवलेल्या ज्युरी, बसवल्या होत्या. खटला सर्वांना एकच दाखवला होता. चर्चेच्या दोन तऱ्हा स्पष्ट दिसल्या. काही ज्युरींनी सुरुवातीलाच मत घेतले. तिथे पुढची चर्चा दोन तटांची झाली आणि जो तो आपल्या कौलाला सोयीचा तेवढाच पुरावा काढू लागला. काहींनी मत लांबणीवर टाकले आणि आधी काय घडले याची जुळणी केली: कोण कुठे होते, काय आधी झाले, कोणत्या साक्षीदाराचे म्हणणे कशाशी जुळत नाही. दुसऱ्या तऱ्हेत पुरावा अधिक बारकाईने तपासला गेला, तो कायद्याच्या व्याख्यांशी अधिक नीट जोडला गेला आणि सदस्यांना कामाचे समाधानही जास्त वाटले. म्हणून आमची पहिली विनंती अशी: पुराव्यावर एक पूर्ण फेरी होईपर्यंत कोणत्याही स्वरूपात मत घेऊ नका, असे आपण सांगावे. ‘तासभर मत घेऊ नका’ असे मात्र सांगू नये. लोक मग घड्याळाकडे पाहत बसतात आणि तास भरला की हात वर करतात. अट कामाची घालावी, वेळेची नको.

आता मत घेण्याच्या पद्धतीबद्दल. सॉलोमन ॲश यांचे १९५० च्या दशकातले, रेषांची लांबी ताडून पाहायला लावणारे प्रयोग आपल्याला माहीत असतील. सात ते नऊ जणांच्या गटात एकच खरा सहभागी, बाकीचे आधी शिकवून ठेवलेले. ते अठरापैकी बारा वेळा एकमुखाने उघड चुकीचे उत्तर देतात. एकटा असताना सहसा न चुकणारा माणूस या गटात एक तृतीयांशाहून जास्त वेळा त्यांची री ओढतो, आणि सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी तसे करतात. हे आकडे सगळे सांगतात. ज्युरीच्या दृष्टीने मोलाच्या गोष्टी वेगळ्या दोन आहेत. गटात बरोबर उत्तर देणारा आणखी एक माणूस मिळाला की री ओढण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर येते. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायचे असेल, तरी ते खूप घटते.

पहिली गोष्ट ज्युरीच्या आकाराला थेट लागू पडते. १९७० च्या विल्यम्स विरुद्ध फ्लोरिडा या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा जणांची ज्युरी मान्य केली. त्यामागे एक गृहीतक असे होते की अल्पमतावरचा दबाव बहुमत-अल्पमताच्या प्रमाणावर अवलंबून असतो, म्हणजे १० विरुद्ध २ आणि ५ विरुद्ध १ सारखेच. ॲश यांचे प्रयोग नेमके याच्या उलट सांगतात. दोघांतल्या प्रत्येकाला सोबती आहे, एकट्याला नाही. समाजात दहा टक्के लोकांचा एखादा दृष्टिकोन असेल, तर यादृच्छिक निवडलेल्या बारा जणांत तो असलेला निदान एक सदस्य असण्याची शक्यता ७२ टक्के. सहा जणांत ४७ टक्के. निदान दोघे असण्याची शक्यता बारांत ३४ टक्के आणि सहांत केवळ ११ टक्के. पुढे १९७८ मध्ये बॅल्यू विरुद्ध जॉर्जिया या निकालात पाच जण अपुरे ठरले आणि त्यासाठी गटाच्या आकारावरच्या संशोधनाचा आधारही घेतला गेला. पण तेच संशोधन सहांवरही तितकेच बोट ठेवत होते. न्यायालयाने सहा मात्र तसेच ठेवले. आकार आपल्या हातात नसेल हे आम्ही जाणतो. मतदानाची पद्धत मात्र नक्की आहे.

ती अशी असावी. सर्वांना एकाच मापाचे कागद आणि एकसारखी पेने द्यावीत. कागदावर ‘दोषी’, ‘निर्दोष’ आणि ‘अजून ठरलेले नाही’ असे तीन छापील चौकोन असावेत आणि सदस्याने फक्त खूण करावी, कारण अक्षरावरून माणूस ओळखू येतो. सगळ्या चिठ्ठ्या जमल्यावर त्या मिसळाव्यात आणि मगच एकदम उघडाव्यात. टेबलाभोवती एकेकाचे मत विचारत जाण्याची पद्धत सर्वांत वाईट: पहिले चौघे एका सुरात बोलले की पाचव्याला आपले मत सांगायचे नसते, त्यांच्या मताला उत्तर द्यायचे असते. तिसरा चौकोन आम्ही आग्रहाने मागतो आहोत. तो नसेल तर डळमळीत सदस्य कुठल्यातरी बाजूला मोजला जातो, आकडा ९-३ दिसतो आणि उरलेले तिघे त्या आकड्याखाली दबतात. प्रत्यक्षात तो ५-३ आणि चौघे अनिश्चित असा असू शकतो.

चिठ्ठीने सगळेच सुटत नाही. आकडा ११-१ आला की खोलीतला पहिला प्रश्न असतो, ‘कोण आहे तो?’ तिथून चर्चा पुराव्यावरून त्या माणसाच्या स्वभावावर घसरते. यावर आम्हाला परिणामकारक वाटणारा उपाय असा: आकडा काहीही आला तरी प्रत्येकाने, बहुमतातल्यांनीही, आपल्याविरुद्धच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा कागदावर लिहावा आणि फोरमनने ते सगळे कागद वाचून दाखवावेत. अल्पमतातला मुद्दा अशा रीतीने त्या माणसापासून सुटा होऊन टेबलावर येतो. आणि तो माणूस ठाम असेल तर त्याला गप्प बसवण्याची घाई नको. १९६९ मध्ये मॉस्कोविसी आणि सहकाऱ्यांनी सहांच्या गटात दोघांना सतत निळा रंग हिरवा म्हणायला लावले, तेव्हा इतरांची सुमारे ८ टक्के उत्तरे हिरव्याकडे वळली. तेच दोघे अधूनमधून बदलत राहिले तेव्हा सव्वा टक्का. अल्पमताचे वजन सातत्यातून येते, आणि सातत्य दिसायला वेळ लागतो.

फोरमनबद्दल थोडक्यात. स्ट्रॉडबेक आणि हुक यांनी १९६१ मध्ये दाखवले की लांबट टेबलाच्या टोकाला बसलेला सदस्य फोरमन म्हणून निवडला जाण्याची शक्यता जास्त असते. त्याआधी, १९५७ मध्ये, स्ट्रॉडबेक आणि सहकाऱ्यांना दिसले होते की पुरुष आणि वरच्या व्यवसायांतले लोक जास्त बोलतात आणि त्यांचे जास्त चालते. बहुतेक ज्युरींत तिघे मिळूनच निम्मे किंवा त्याहून अधिक बोलतात. फोरमनची निवड सहसा काही मिनिटांत होते: कोणीतरी ‘तुम्हीच व्हा ना’ म्हणते आणि बाकीचे माना डोलावतात. टेबल गोल असेल तर उत्तम. नसेल तर निवड चिठ्ठीने व्हावी, आणि फोरमनने प्रत्येक फेरीत शेवटी बोलावे. फोरमनने आपले मत आधी सांगितले की ‘मी फक्त चर्चा चालवतो आहे’ या म्हणण्याला काही अर्थ राहत नाही.

पुराव्याची फेरी करायची कशी, हाही प्रश्न आहे. स्टॅसर आणि टायटस यांच्या १९८५ च्या प्रयोगांपासून माहीत आहे की गट सर्वांना ठाऊक असलेल्या माहितीवरच घोळत राहतात आणि एखाद्याकडेच असलेली माहिती पुढे येत नाही. ज्युरीला हे लागू नाही, कारण सर्वांनी एकच पुरावा ऐकलेला असतो, असा आक्षेप घेतला जातो. ऐकला सर्वांनी, लक्षात मात्र प्रत्येकाच्या वेगळा राहिला. तिसऱ्या दिवशीच्या उलटतपासणीतली एक वेळ एका सदस्यानेच टिपलेली असू शकते, आणि ती सांगायची राहून गेली तर बाकीच्यांसाठी ती पुराव्यात नसल्यातच जमा आहे. म्हणून बोलायला सुरुवात करण्यापूर्वी दहा मिनिटे शांतपणे प्रत्येकाने तीन गोष्टी लिहाव्यात: आपल्याला महत्त्वाचा वाटलेला पुरावा, न जुळणारा पुरावा, आणि नीट न आठवणारी बाब. मग टेबलाभोवती फेरी करून प्रत्येकाने एका वेळी एकच गोष्ट वाचावी. न आठवणाऱ्या बाबींची यादी झाली की काय पुन्हा वाचून दाखवायचे याची मागणी न्यायालयाकडे एकदाच, एकत्र करता येते. टिपणे काढू न देणाऱ्या न्यायालयांत हे सगळे अवघड होते. तिथे आधी ती परवानगी द्यावी.

गुन्ह्याच्या घटकांवर एकेक करून चर्चा करायला सांगणे चांगले, पण इथे एक खाच आहे. समजा घटक तीन आहेत आणि बारा सदस्यांपैकी चौघांना पहिल्याबद्दल, चौघांना दुसऱ्याबद्दल आणि चौघांना तिसऱ्याबद्दल वाजवी संशय आहे. प्रत्येक घटकावर मत घेतले तर प्रत्येक वेळी ८-४ ने ‘सिद्ध’ येईल, पण बारांपैकी एकही जण आरोपीला दोषी ठरवायला तयार नसेल. बहुमताने चालणाऱ्या ज्युरीत ही चूक आरोपीला तुरुंगात धाडू शकते. चर्चा घटकांवर व्हावी, मोजायचे मत मात्र पूर्ण कौलावरच, हे लिहून द्यावे.

बहुमताचा विषय निघालाच आहे. इंग्लंडमध्ये १९६७ पासून बहुमताचा कौल चालतो. १९७४ च्या ज्युरी कायद्यानुसार किमान दोन तासांनंतर बारांपैकी दहा मते पुरतात. स्कॉटलंडच्या पंधरा जणांच्या ज्युरीत परंपरेने आठ मते पुरत असत. अमेरिकेत लुइझियाना आणि ऑरेगन इथे दहा मतांवर शिक्षा होत असे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रामोस निकालाने गंभीर गुन्ह्यांसाठी एकमत सक्तीचे केले. हेस्टी आणि सहकाऱ्यांच्या ६९ ज्युरी तीन नियमांत विभागलेल्या होत्या: एकमत, दहा मते, आठ मते. आवश्यक आकडा गाठला गेला की बहुमताच्या ज्युरींनी चर्चा गुंडाळली, आणि अल्पमतातल्यांचे बोलणेही कमी राहिले. गरज नसलेल्या माणसाचे कोण ऐकते? जिथे बहुमत चालते तिथे ती सवलत सुरुवातीला मनात आणू नका असे सांगण्याची इंग्लंडमधली प्रथा आम्हाला योग्य वाटते.

ज्युरी अडकते तेव्हा आपण काय बोलता, हे कदाचित सर्वांत नाजूक. १६७० मध्ये पेन आणि मीड यांच्या खटल्यात लंडनची ज्युरी न्यायालयाला हवा तो कौल देईना, म्हणून तिला अन्न, पाणी आणि शेकोटीवाचून रात्रभर कोंडून ठेवले होते. तो काळ गेला. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १८९६ च्या ॲलन निकालाने मान्य केलेला निर्देश तिथे अजून वापरात आहे, आणि त्याचा भार असा की बहुसंख्य सदस्यांना तुमचे पटत नसेल, तर तुमचा संशय वाजवी आहे का ते तपासा, असे अल्पमताला सांगितले जाते. वकील त्याला ‘डायनामाइट’ म्हणतात. स्मिथ आणि कॅसिन यांनी १९९३ मध्ये अडकलेल्या अभिरूप ज्युरींवर तो वापरून पाहिला, तेव्हा अल्पमतातल्यांना दडपण जास्त जाणवले आणि त्यांनी मते बदलली. अशा वेळी पुराव्यातले नवे काहीच पुढे आलेले नसते. फक्त एकटेपणा वाढलेला असतो. त्याऐवजी आपण विचारावे की अडचण वस्तुस्थितीची आहे की कायद्याच्या व्याख्येची, आणि कोणत्या मुद्द्यावर. आकडे विचारू नयेत. १९२६ च्या ब्रासफील्ड निकालाने अमेरिकेच्या संघीय न्यायालयांना हे बजावलेलेच आहे. पुनर्विचाराचे आवाहन करायचे तर ते दोन्ही बाजूंना त्याच वाक्यात करावे, आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी करू नये.

समसमान विभागलेल्या फौजदारी ज्युरी निर्दोषकडे झुकतात, हे मॅकून आणि कर यांनी १९८८ मध्ये दाखवले. याला दोष म्हणून दुरुस्त करायला जाऊ नये. वाजवी संशयाचा निकष सांगितलेला असेल तेव्हाच हा झुकाव दिसतो, नुसते पारडे जड कोणाचे असे विचारले तर तो नाहीसा होतो. म्हणजे संशयाचा फायदा देण्याचा कायद्याचा हेतू खोलीत पोहोचतो आहे. पोहोचण्यासाठी तो समजायला मात्र हवा. इंग्लंडमध्ये शेरिल थॉमस यांच्या २०१० च्या अभ्यासात तोंडी निर्देश कायद्याच्या शब्दांत पूर्ण समजलेले सदस्य ३१ टक्के होते. सोबत लेखी सारांश दिल्यावर ते ४८ टक्के झाले. निम्म्यांना तरीही समजले नाही, हे त्यातले कटू सत्य.

नुकसानभरपाईच्या दाव्यांत गटाची ओढ वेगळी असते. श्केड, सनस्टीन आणि कानेमन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा-सहा जणांच्या पाचशेहून अधिक अभिरूप ज्युरी होत्या. दंडात्मक भरपाईची, म्हणजे शिक्षा म्हणून द्यायला लावायची, रक्कम चर्चेनंतर वाढली, आणि २७ टक्के ज्युरींत ती सहांपैकी सर्वांत उदार सदस्याच्या मूळ आकड्याइतकी किंवा त्याहूनही वर गेली. ‘अशा कंपनीला अद्दल घडायला हवी’ हे बोलायला सोपे आहे. ‘थोडी कमी अद्दल घडवू’ असे म्हणणाऱ्याला मुद्दा सापडत नाही. इथे उपचार, बुडालेले उत्पन्न, वेदना असे भाग वेगळे करून प्रत्येकाने प्रत्येक भागाचा आकडा कोणाचेही ऐकण्याआधी लिहावा, ते चढत्या क्रमाने लावावेत आणि मधल्या आकड्यापासून चर्चा सुरू करावी. सरासरी येईल ती स्वीकारू असा आधीच करार करणे अमेरिकेत अवैध आहे. चर्चेची सुरुवात म्हणून आकडा समोर ठेवणे वेगळे, हे निर्देशात स्पष्ट असावे.

यातले बरेचसे ज्ञान अभिरूप ज्युरींवरून आलेले आहे. तिथे खऱ्या माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले नसते, हे मान्य. खऱ्या चर्चा गोपनीय असतात आणि असाव्यात. ॲरिझोनात ५० खऱ्या दिवाणी ज्युरींच्या चर्चांचे परवानगीने चित्रीकरण झाले, असा अपवाद विरळा. त्या राज्याने १९९५ पासून दिवाणी ज्युरींना खटला चालू असतानाही, सर्व सदस्य हजर असतील तर, पुराव्यावर बोलू दिले. चित्रीकरणात दिसले की ‘सर्व हजर असतील तर’ ही अट वारंवार मोडली जात होती. तोंडी सांगितलेला नियम खोलीत किती टिकतो, याचा हा धडा आमच्या प्रस्तावालाही लागू आहे.

चर्चेची पद्धत ठरवून देणे हा ज्युरीच्या स्वातंत्र्यात हस्तक्षेप आहे, असे काही न्यायाधीश म्हणतील. म्हणून आम्ही सुचवतो तो मजकूर शिफारशीच्या भाषेत आहे:

“आधी दहा मिनिटे प्रत्येकाने आपल्या टिपणांतून महत्त्वाचे, न जुळणारे आणि न आठवणारे लिहून काढावे. मग प्रत्येकाने पाळीपाळीने एकेक गोष्ट मांडावी. फोरमनने शेवटी बोलावे. सगळा पुरावा एकदा चर्चेत येईपर्यंत मत घेऊ नये, आणि आपला कल सांगूही नये. मत गुप्त चिठ्ठीने घ्यावे. ‘अजून ठरलेले नाही’ हे योग्य उत्तर आहे. कोणी कोणते मत दिले हे विचारू नये. मतभेद असतील तर प्रत्येकाने दुसऱ्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा लिहावा आणि त्यांवर चर्चा करावी. पुराव्याने पटले तर मत बदलावे. इतर जण जास्त आहेत किंवा उशीर होतो आहे म्हणून बदलू नये.”

याच्या बारा प्रती द्याव्यात, प्रत्येक खुर्चीसमोर एक. एकच प्रत फोरमनच्या हाती दिली की ती त्याचा अधिकार बनते, आणि अल्पमतातल्या सदस्याला ‘इथे असे लिहिले आहे’ म्हणून बोट ठेवायला काही उरत नाही. चिठ्ठ्यांचे गठ्ठे आणि पेने खोलीत आधीच ठेवलेली असावीत. ती मागवायला शिपायाला बोलवावे लागले तर लोक हातच वर करतात.

आपले,
समूह-निर्णयांचा अभ्यास करणारे